निपाणीच्या स्टुडिओतल्या मशीनमध्ये दोन हार्डडिस्क वाढवताना

निपाणीतल्या एका फोटो स्टुडिओचं हे मशीन. तुळशीची लग्नं लागली की आपल्या सीमाभागात लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमाराला स्टुडिओवाल्यांचे फोन वाढतात. "कार्ड रिकामं करायला जागाच राहिली नाही बघा, अजून एक हार्डडिस्क टाकून द्या," असं मालकांचं म्हणणं. मशीनमध्ये होतं ते असं: विंडोज असलेला 500 जीबीचा एम.टू (मदरबोर्डवरच्या खाचेत थेट बसणारा) एसएसडी, जवळजवळ भरलेली 2 टीबीची हार्डडिस्क, डीव्हीडी रायटर, चार साटा पोर्टांचा (डिस्क आणि रायटर जोडायच्या जागा) मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड आणि 450 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय.

किती जागा लागणार, हा हिशोब आधी मांडला. फोर-के व्हिडिओ 100 मेगाबिटने रेकॉर्ड होत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला 45 जीबी. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की 360 जीबी. त्यावर दोनेक हजार रॉ फोटो, प्रत्येकी 25 ते 30 एमबीचे, म्हणजे आणखी 50-60 जीबी. एक लग्न सव्वाचारशे जीबीच्या घरात जातं. 4 टीबीच्या डिस्कची विंडोजमध्ये 3.63 टीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. थोडी मोकळी जागा राखली तर त्यात आठ-नऊ लग्नं मावतात. मालकांनी एकच डिस्क मागितली होती. आम्ही 4 टीबीच्या दोन घ्यायला लावल्या. दुसरी जागेसाठी नाही, पहिलीच्या प्रतीसाठी. लग्नाचं चित्रीकरण पुन्हा करता येत नाही, त्यामुळे 8 टीबीची एकच मोठी डिस्क घेऊन सगळं तिच्यावर टाकणं आम्हाला पटत नाही.

आधी मोजायचं, मग मागवायचं

डिस्क प्रत्यक्ष बसवायला फार वेळ लागत नाही. काम अडतं ते पोर्ट, करंट, जागा आणि हवा यांपैकी एखादी गोष्ट न मोजल्यामुळे, आणि ते कळतं डिस्कचं पाकीट फोडल्यावर.

पोर्टांपासून सुरुवात करू. चार पोर्ट, दोन व्यापलेले, दोन मोकळे, म्हणजे दोन डिस्क बसल्या, असं वाटतं. पण एम.टू खाचेत साटा जातीचा एसएसडी असेल तर कित्येक बोर्डांवर एक साटा पोर्ट बंद होतो, कारण चिपसेटमधली एकच वाट दोघांत वाटून दिलेली असते. काही बोर्डांवर एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारा, जास्त वेगाचा) एसएसडी लावल्यावरही एक-दोन पोर्ट जातात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत साटा पोर्टांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात तशी टीप असते. पुस्तिका हरवलेली असली तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर वाचून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून घ्यायची. त्या बंद पोर्टात डिस्क लावली तर ती फिरते, गरमही होते, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही केल्या दिसत नाही, आणि दोष डिस्कवर जातो. या बोर्डावर चौथा पोर्ट असा बंद होता. हाती तीनच पोर्ट उरले, म्हणून डीव्हीडी रायटर काढायचं ठरलं. गिऱ्हाइकं आता पेनड्राइव्हच मागतात. कुणी डीव्हीडी मागितलीच तर यूएसबीचा बाहेरचा रायटर पुरतो.

रायटर ठेवायचाच असता तर पीसीआय एक्सप्रेसचं साटा कार्ड लावता आलं असतं. एएसएम1061 चिपचं दोन पोर्टांचं कार्ड एका लेनवर (पीसीआय एक्सप्रेसच्या एका वाटेवर) चालतं आणि दोन हार्डडिस्कना ते पुरेसं आहे. पाच-सहा डिस्क लावायच्या असतील तर जेएमबी585 किंवा एएसएम1166 चिपची कार्डं घ्यावीत. ती दोन लेनवर चालतात. एका पोर्टाचे पाच करणारी मल्टिप्लायरची स्वस्त कार्डं आम्ही वापरत नाही. त्यांवरची एक डिस्क अडली की तिच्या जोडीच्या सगळ्याच एकदम गायब होतात.

करंटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. 3.5 इंची हार्डडिस्क वाचता-लिहिताना साधारण 6 ते 9 वॉट घेते, म्हणजे फार नाही. पण बटन दाबल्यावर तबकड्या गती घेतात त्या काही सेकंदांत ती 12 व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. तीन डिस्क म्हणजे सहा अँपिअर, 72 वॉट, तेही एकाच वेळी. चांगल्या 450 वॉटच्या एसएमपीएसला हे जड नाही, कारण त्या क्षणी ग्राफिक कार्ड निवांत असतं. बिनब्रँडच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वॉटवर मात्र जाऊ नये. स्टिकरवरच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचावं. करंट कमी पडला की डिस्क टक-टक करत थांबते, पुन्हा फिरायला लागते, पुन्हा थांबते. अशी डिस्क परत पाठवण्याआधी दुसऱ्या एसएमपीएसवर लावून पाहावी. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या पॉवर) कनेक्टरवर पिवळी आणि काळी तार धरून 12 व्होल्ट, लाल आणि काळी धरून 5 व्होल्ट मोजता येतात. 11.4 ते 12.6 आणि 4.75 ते 5.25 यांच्या बाहेर आकडा गेला तर आधी एसएमपीएस बदलायचा, डिस्क नंतर.

साटाच्या 15 पिनांच्या पॉवर कनेक्टरात 12 व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एका कनेक्टरातून साडेचार अँपिअरपेक्षा जास्त नेऊ नये. एकाचे दोन करणारा स्प्लिटर त्यामुळे चालतो. एकाचे चार करणारा हार्डडिस्कना नको.

मोलेक्सवरून साटा करणारी केबल घेताना तिचं साटाचं टोक उलटं करून बघा. एका प्रकारात चारही तारा प्लास्टिकच्या सबंध गोळ्यात ओतलेल्या असतात; आत कोणती तार कुठे बसलीय ते दिसतच नाही. दुसऱ्या प्रकारात कनेक्टरच्या पाठीला वेगळी टोपी असते, ती नखाने उचकटली तर प्रत्येक तार आपापल्या धातूच्या पात्यात दाबून बसवलेली दिसते. ओतीव प्रकारात ओततानाच तारा सरकून एकमेकींजवळ आलेल्या असू शकतात, पुढे उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि पिवळी तार काळीला भिडली की कनेक्टर जळतो. सोबत डिस्कही जाऊ शकते. काउंटरवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी टांगलेले असतात आणि किमतीत फरक किरकोळ असतो. पाठीला टोपी असलेलीच घ्यायची. त्याहून बरं म्हणजे एसएमपीएसच्या मूळ लडीतलाच साटा कनेक्टर वापरणं. इथे त्या लडीत तीन कनेक्टर होते, रायटर काढल्यावर ते बरोबर पुरले.

मॉड्युलर एसएमपीएसबद्दल आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. त्याच्या सुट्या केबली दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाचा आकारही पुष्कळदा जुळतो, पण पिनांचा क्रम वेगळा असतो. 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले की त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क बटन दाबताक्षणी मरतात. डेटा परत मिळवायला मग लॅबच गाठावी लागते.

बेळगाव-कोल्हापूरच्या बाजारात कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप भरपूर मिळतात. तिथे हिशोब वेगळा. त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये एसएमपीएस 180 ते 260 वॉटचा असतो आणि डिस्कची पॉवर त्यातून न येता मदरबोर्डावरच्या छोट्या सॉकेटमधून येते. ती केबल त्या मॉडेलचीच लागते आणि एक-दोन डिस्कपुरतीच असते. स्लिम कॅबिनेटमध्ये 3.5 इंची डिस्कला एकच जागा असते. अशा मशीनमध्ये दुसरी मोठी डिस्क कोंबण्यापेक्षा पातळ डीव्हीडी रायटर काढून त्याच्या जागी कॅडीत (रायटरच्या मापाच्या चौकटीत) 2.5 इंची एसएसडी बसवणं बरं. कॅडी 9.5 आणि 12.7 मिलिमीटर अशा दोन जाडीत येते. रायटरची जाडी मोजून मगच घ्यावी.

जागेचं म्हणाल तर या कॅबिनेटमध्ये 3.5 इंची खण दोनच होते. नव्या दोन डिस्क तिथे गेल्या. जुनी 2 टीबीची डिस्क रायटरच्या रिकाम्या 5.25 इंची खणात, पत्र्याचं ब्रॅकेट लावून बसवली. 3.5 इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, 6-32 मापाचे. एसएसडी आणि 2.5 इंची डिस्कचे बारीक आट्यांचे, एम3. डबीत दोन्ही मिसळलेले असतात. बारीक स्क्रू मोठ्या भोकात सैल फिरतो, जाड स्क्रू बारीक भोकात जबरदस्तीने पिळला तर आटे मोडतात. भोकात चार मिलिमीटरपेक्षा खोल जाणारा लांब स्क्रूही नको. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कना कडेची मधली भोकं नसतात, तेव्हा ट्रेची भोकं डिस्कशी जुळतात का हे आधी पाहावं.

हवा मोजायची तर समोरची जाळी काढून बघावं लागतं. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. तंबाखूची भुकटी हवेत असते आणि ती साध्या धुळीपेक्षा जास्त चिकटते. पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर तिचा तपकिरी थर धरतो. खानापूर, बेळगावकडे तांबड्या मातीचा. नवीन डिस्क लावण्याआधी ब्लोअर मारून घ्यायचा, पण पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. डिस्कच्या खणांसमोर 120 मिलिमीटरचा पंखा नसेल तर तो लावावाच. डिस्कचं तापमान 30 ते 45 अंशांत राहिलेलं चांगलं, 50 च्या वर जाऊ देऊ नये. अथणी, रायबागकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच 38-40 अंश असतात. तिथे पंख्याशिवाय दोन डिस्क एकमेकींवर ठेवणं म्हणजे त्यांचं आयुष्य कमी करणं. खण जास्त असतील तर दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडावा.

कोणती डिस्क

सीएमआर की एसएमआर, हा पहिला प्रश्न. सीएमआर डिस्कमध्ये माग (तबकडीवरचे ट्रॅक) सुटे-सुटे लिहितात. एसएमआर डिस्कमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे एक जागा बदलायची तर शेजारचे मागही पुन्हा लिहावे लागतात. थोडं-थोडं लिहिताना जाणवत नाही. शे-दोनशे जीबी सलग उतरवायला घेतलं आणि डिस्कमधली तात्पुरती राखीव जागा भरली की वेग कोसळतो. स्टुडिओचं काम नेमकं असंच असतं. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यांसाठीच्या) 'रेड' मालिकेत काही डिस्क एसएमआर निघाल्याचं उघड झालं, तेव्हापासून कंपन्या आपापल्या साइटवर मॉडेलनुसार याद्या देतात. मालिकेच्या नावावर न जाता लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर त्या यादीत शोधायचा.

सीसीटीव्हीची दुकानं आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत आणि तिथे पाळत ठेवण्यासाठीच्या डिस्क लगेच मिळतात. त्या साठवणीला चालतात. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यातून) काढून 'रिफर्बिश' म्हणून विकलेल्या मात्र लग्नाच्या चित्रीकरणासाठी घेऊ नयेत. डीव्हीआर बंद होत नाही, म्हणून तीन वर्षांत डिस्कचे 26,000 तास भरतात. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये 'पॉवर ऑन अवर्स' पाहिलं की समजतं. तो आकडाही पुसता येतो. 2025 च्या सुरुवातीला डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या सीगेटच्या डिस्क आकडे शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं युरोपात उघडकीला आलं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, डिस्क तपासणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स प्रोग्रामच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते आणि तिथले तास नेहमीच्या तासांशी जुळतात का ते पाहता येतं. खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सिरियल नंबर एक आहे का, आणि तो कंपनीच्या साइटवर टाकल्यावर भारतातली वॉरंटी दिसते का, हे बिल करायच्या आधी दुकानातच बघून घ्यावं.

बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली किंवा सर्व्हरमधली डिस्क लावली आणि ती फिरतच नसेल, तर पॉवर कनेक्टरची तिसरी पिन आठवावी. नव्या साटा मानकात त्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, आणि जुन्या पद्धतीचे एसएमपीएस तिथे कायम 3.3 व्होल्ट देतात. डिस्कच्या त्या पिनेवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेपची बारीक पट्टी लावली की ती सुरू होते.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर, जांबोटीकडे, कुरिअरने आलेलं पाकीट लगेच फोडू नये. थंड डिस्क दमट हवेत उघडली की तिच्यावर आणि आतल्या भागांवर दव धरतं. पाकीट बंदच ठेवून काही तास खोलीत राहू द्यावं. डिस्कच्या अंगावर बारीक श्वासछिद्र असतं, त्यावर वॉरंटीचं किंवा दुकानाचं स्टिकर चिकटवायचं नाही.

बसवताना

विंडोज नेहमीसारखं बंद केलं तर 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. म्हणून शिफ्ट दाबून शटडाउन करायचं. मग भिंतीवरचा स्विच बंद, पिन बाहेर, आणि पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडायची. पावसात हवा ओली असल्याने ही वीज फारशी साठत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत नायलॉनचं स्वेटर घालून डिस्कच्या सर्किटला हात लावू नये.

कॅबिनेट बंद करण्याआधी प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबराची शेवटची चार अक्षरं पांढऱ्या टेपवर लिहून कनेक्टरच्या बाजूला चिकटवली. दोन सारख्या डिस्कपैकी एक पुढे बिघडली तर चुकून चांगलीच उपसली जाऊ नये म्हणून. विंडोजमध्ये डिस्कला नाव देतानाही तीच चार अक्षरं जोडली.

साटाचा डेटा कनेक्टर इंग्रजी एल आकाराचा असतो, तो एकाच बाजूने बसतो. जोर लावायची वेळ आली तर तो उलटा आहे असं समजावं. डिस्कवरची प्लास्टिकची जीभ तुटली तर ती जोडता येत नाही. बाजूचं झाकण बंद करताना सरळ केबल दाबली जात असेल तर काटकोनी टोकाची घ्यावी. क्लिप असलेली केबल बरी, पंख्याच्या थरथरण्याने निसटत नाही. लांबी अर्धा मीटर पुरते, एक मीटरच्या वर चालत नाही. डेटा केबली एकत्र करकचून बांधायच्या नाहीत आणि त्यांना चिमटा बसेल अशी घडी घालायची नाही. पॉवरची लड मात्र नीट बांधून पंख्यापासून दूर ठेवायची. शेवटी स्क्रू: डिस्कला चारही लावायचे, दोनांवर भागवायचं नाही. सैल डिस्क थरथरते, तिचं डोकं मागावरून हलतं, पुन्हा वाचावं लागतं आणि वेग घटतो. ट्रेला रबराच्या चकत्या असतील तर त्या काढून टाकू नयेत.

पहिल्यांदा चालू करताना थेट बायोसमध्ये जायचं. तिन्ही डिस्क मॉडेल नंबरासह दिसल्या पाहिजेत. बूट क्रमात विंडोजचा एसएसडी पहिला आहे का ते बघायचं, कारण नवीन डिस्क लावल्यावर काही बोर्ड क्रम आपोआप बदलतात आणि मग काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश येतो. साटा मोड एएचसीआय (नेहमीचा, सुट्या डिस्कचा) असेल तर तसाच ठेवायचा. तिथे सहज 'आरएआयडी' (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) करून पाहिलं तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. हॉट प्लग (चालू मशीनवर डिस्क काढता-लावता येण्याची सोय) बंद ठेवावं, नाहीतर घड्याळाशेजारच्या 'सेफली रिमूव्ह'च्या यादीत आतल्या डिस्क दिसतात आणि कुणीतरी त्या बंद करून बसतं.

विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की 'इनिशियलाइझ डिस्क'ची चौकट येते. पार्टिशनच्या तक्त्याच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडायचं. जुनी एमबीआर घेतली तर 4 टीबीतली 2 टीबीच वापरता येते, बाकीची काळ्या पट्टीत पडून राहते. ही चौकट नव्या कोऱ्या डिस्कसाठी आली तरच पुढे जायचं. डेटा असलेल्या जुन्या डिस्कसाठी ती येत असेल, किंवा 'फॉरमॅट करा' असं विंडोज विचारत असेल, तर रद्द करून केबल आणि पोर्ट तपासायचे. लिनक्सवर किंवा डीव्हीआरमध्ये वापरलेली डिस्कही विंडोजला अशीच रिकामी किंवा अनोळखी वाटते, आतला डेटा जागेवर असतो.

एनटीएफएस फॉरमॅट मारताना आम्ही 'क्विक'ची खूण काढतो. सगळ्या जागेवर शून्य लिहिले जातात आणि डिस्कमध्ये दोष असेल तर तो गिऱ्हाइकाचा डेटा जाण्याआधी समोर येतो. 4 टीबीला सरासरी 150 एमबीच्या वेगाने सात-आठ तास लागतात, म्हणून हे रात्रीवर टाकायचं. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 5, 197 आणि 198 क्रमांकांच्या (तिथे 05, C5 आणि C6 असे दिसणाऱ्या) ओळी पाहायच्या: बदललेले सेक्टर, वाट पाहणारे सेक्टर, वाचता न येणारे सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य असले पाहिजेत, एकही वाढलेला दिसला तर डिस्क परत. 199 क्रमांकाच्या (C7) ओळीतला सीआरसीचा, म्हणजे डेटा पोचताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला बोल लावू नये, तो सहसा डेटा केबलचा दोष असतो. केबल बदलल्यावर तो पुन्हा शून्यावर जात नाही, फक्त वाढायचा थांबतो.

ड्राइव्ह लेटर विचार करून द्यावं. जुनी डिस्क डी होती, ती डीच ठेवली, कारण एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक क्लिपचा पत्ता त्या अक्षराने सुरू होतो. अक्षर बदललं की सगळ्या क्लिप लाल होऊन 'मीडिया सापडत नाही' म्हणतात. नव्यांना व्ही आणि डब्ल्यू दिलं, म्हणजे कार्ड रीडर आणि पेनड्राइव्ह यांच्या अक्षरांशी भांडण नको. एडिटिंगची कॅशे (प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइली) हार्डडिस्कवर ठेवू नये, ती एसएसडीवरच हवी. सलग वाचायला हार्डडिस्क पुरेशी आहे. अडते ती बारीक-बारीक हजारो फाइली शोधताना. पॉवरच्या सेटिंगमध्ये '20 मिनिटांनी हार्डडिस्क बंद' असतं, तेही काढून टाकलं. नाहीतर टाइमलाइनवर क्लिक केल्यावर डिस्क जागी होईपर्यंत सगळं गोठतं.

जुन्या डिस्कवरचा माल नव्यावर नेताना रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपीची आज्ञा वापरली. तिच्यात एक गोम आहे: फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी 30 सेकंद थांबून. एखादा सेक्टर खराब असला की कॉपी तिथेच अडकून राहते. म्हणून आर आणि डब्ल्यू या दोन्ही पर्यायांना 1 द्यायचं आणि लॉग फाइल मागायची. राहिलेल्या फाइली त्यात सापडतात. लग्नपत्रिका आणि अल्बमची नावं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये किंवा कन्नड मजकूर नुडी फॉन्टमध्ये बसवलेला असतो, तेव्हा कामाच्या फोल्डरसोबत त्या फॉन्टच्या फाइलीही नव्या डिस्कवर ठेवल्या. उद्या विंडोज नव्याने टाकलं तर फॉन्टशिवाय त्या फाइलींत नुसती अगम्य चिन्हं दिसतील.

दोन नव्या डिस्कचं मिरर करून द्या, असं बरेच जण सांगतात. आम्ही दिलं नाही. मिररमध्ये एका डिस्कवरचं पुसलं की दुसऱ्यावरचंही त्याच क्षणी पुसलं जातं, आणि स्टुडिओत डिस्क बिघडण्यापेक्षा चुकून फोल्डर डिलीट होणं जास्त घडतं. त्याऐवजी रात्री व्हीवरचं डब्ल्यूवर उतरेल अशी फ्रीफाइलसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची नेमणूक लावली, पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात राहतील अशा बेताने.

तरीही दोन्ही डिस्क एकाच एसएमपीएसवर आहेत. मेमध्ये वळीव येतो, वीज पडते, लाइनमध्ये झटका येतो, आणि तो झटका दोन्ही डिस्कना एकदमच लागतो. म्हणून प्रत्येक लग्नाची तिसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि ती डिस्क मालकांच्या घरी. ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेवायची, स्विच बंद करून भागत नाही. मशीनला 600 व्हीएचा यूपीएस आहे, तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायचं असेल तर त्याच्या मागचं बटन 'यूपीएस' बाजूला हवं. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन येईपर्यंतचा वेळ मशीनला सोसत नाही आणि लिहिण्याच्या मधेच डिस्क बंद पडते. अर्थिंगही पाहून घेतलं: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा असावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर डिस्क वाढवण्याआधी वायरमनला बोलवावं.

अशा कामात बहुतेक वेळा एखादी जुनी डिस्क बाहेर निघते आणि भंगारात जाते. तिच्यावर लोकांच्या घरच्या लग्नांचे फोटो असतात. नुसता क्विक फॉरमॅट मारला तर ते पुन्हा काढता येतात. विंडोजच्या डिस्कपार्ट प्रोग्राममध्ये 'क्लीन' फक्त पार्टिशनचा तक्ता पुसतो, 'क्लीन ऑल' सगळ्या जागेवर शून्य लिहितो. 500 जीबीला दीड-दोन तास धरावेत. ही आज्ञा देण्याआधी बाकीच्या डिस्कच्या डेटा केबली काढून ठेवायच्या, कारण डिस्कपार्ट आकड्याने डिस्क निवडतं आणि आकडा चुकला तर विचारत नाही. डिस्क चालूच होत नसेल तर झाकणावरून ड्रिलने तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडून मगच भंगारवाल्याला द्यायची.